मुलीच्या फीचे पैसे शॅम्पेनमध्ये गुंतवावेत का?

लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: बोनसमधून डॉम पेरिन्यों या नामांकित फ्रेंच शॅम्पेनच्या, 2008 सालच्या, चार पेट्या घेऊन ठेवल्या, तर सहा वर्षांनी मुलीच्या विद्यापीठाची फी त्यातून निघेल का?

या भरवशावर फी ठेवू नका. एक पेटी मात्र जरूर घ्या.

तुमची निवड फार चांगली आहे. व्हिंटेज शॅम्पेन एकाच सालच्या द्राक्षांची असते आणि डॉम पेरिन्यों, 1921 च्या पहिल्या व्हिंटेजपासून, दुसरं काही काढतच नाही. साल जमलं नाही तर बाटलीही नाही. 2008 चा उन्हाळा फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात थंड, ढगाळ गेला, सप्टेंबरात ऊन पडलं आणि पीक सावरलं. त्या वर्षाची धारदार आम्लता या वाइनला दीर्घायुष्य देते. ती इतकी सावकाश उमलत होती की कंपनीने 2009 ची व्हिंटेज आधी विकायला काढली, 2008 ची नंतर. असा संयम मला मनापासून आवडतो.

पण बाटली व्याज देत नाही. गोदामाचं भाडं आणि विमा दरवर्षी भरायचा, विकताना कमिशन कापलं जायचं. 2021-22 मध्ये शॅम्पेनचे भाव जोरात चढले आणि पुढे उतरलेही. फीची तारीख भाव सुधारायची वाट बघत नाही.

लोक पितात, म्हणून उरलेल्या बाटल्या दुर्मिळ होतात, असं तुम्ही लिहिलंय. हे सालों नावाच्या दुसऱ्या शॅम्पेनसारख्या वाइनला जास्त लागू पडतं: एकाच गावची शार्दोने जातीची द्राक्षं, विसाव्या शतकात फक्त 37 व्हिंटेज. डॉम पेरिन्यों त्या मानाने खूप निघते. शिवाय कंपनी काही बाटल्या स्वतःच्या तळघरात राखून साधारण पंधरा वर्षांनी ‘प्लेनिट्यूड 2’ नावाने आणते. माहेरातून कधीच न हललेली बाटली मिळत असेल, तर श्रीमंत गिऱ्हाईक तुमच्या बाटलीला जास्तीचे पैसे का देईल?

तेव्हा फीची रक्कम आयसा (ब्रिटनमधलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) खात्यात, शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाका; तिथल्या वाढीवर कर नाही. फी दोन वर्षांवर आली की हळूहळू रोखीत आणा.

पेटी बाँडेड गोदामातच ठेवा. बाहेर काढेपर्यंत ड्यूटी आणि व्हॅट लागत नाही. गोदामातलं खातं व्यापाऱ्याच्या नव्हे, तुमच्या नावावर हवं. तसं लेखी मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नका.