वस्तीतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आधी काय सुरू करावं, फुटबॉल की नाटकाचं शिबिर?

आधी फुटबॉल, नाटक दोन-तीन महिन्यांनी, कारण बॉल दिसला की पोरं आपोआप जमतात पण अनोळखी माणसासमोर उभं राहून बोलायला त्यांना वेळ लागतो. नागपूरचंच बघा ना, २००१ मध्ये क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली, त्यांना बॉल दिला आणि त्यातूनच वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारी ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली, पुढे तिथली मुलं होमलेस वर्ल्ड कपपर्यंत (बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेपर्यंत) गेली. फक्त एक, मुलीही यायला हव्या असतील (आणि त्या यायलाच हव्यात) तर प्रॅक्टिस अंधाराआधी संपवा आणि घरोघरी जाऊन त्यांच्या आयांशी स्वतः बोला, नुसत्या पोस्टरवर कोणी मुलीला पाठवत नाही.