योजनांचं मूल्यमापन करणारी अर्थतज्ज्ञ: लेकीचा हट्ट समजून घ्या

पत्र: मी औसा तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. मुलगी लातूरला बारावी सायन्स झाली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही होते. नीटला मार्क कमी पडले. तिचे वडील म्हणतात, अजून एक वर्ष रिपीट कर. ती म्हणते, मला अर्थशास्त्र शिकून सरकारी योजनांचा लोकांना खरंच उपयोग होतो का हे तपासायचं काम करायचंय. गावात एक सर्वेची टीम आली होती, त्यांच्याबरोबर ती दोन दिवस फिरली, तेव्हापासून हेच चाललंय. असं काम असतं का? पगार कोण देतं? आणि मुलीच्या जातीनं एकटीनं खेडोपाडी फिरायचं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

असं काम असतं, आणि ते नेमकं काय असतं हे तुम्हाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण त्याचा कच्चा माल तुम्ही रोज गोळा करता.

मातृवंदना योजनेचंच घ्या. पहिल्या बाळंतपणाला 5,000 रुपये मिळतात, फॉर्म भरायला तुम्हीच मदत करता. आता कुणी म्हणालं की, पैसे मिळालेल्या बायांची तपासणी वेळेवर झाली, न मिळालेल्यांची झाली नाही, म्हणजे योजना यशस्वी. पटेल तुम्हाला? फॉर्म कुणाचा भरला जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. जिचं आधार-बँक खातं जोडलेलं आहे, जी गावात आहे, जिची सासू दवाखान्यात जाऊ देते, तिचा. ती बाई पैसे नसते मिळाले तरी तपासणीला गेलीच असती. जी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली, तिचा फॉर्मही राहिला आणि तपासणीही राहिली. मग फरक पैशांमुळे पडला की आधीपासूनच होता? हा प्रश्न सोडवायचा, म्हणजे योजना नसती तर याच बायांचं काय झालं असतं याचा पुराव्यानिशी अंदाज बांधायचा. या अर्थतज्ज्ञाच्या कामाचा गाभा हाच आहे.

त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. कोणत्या शाळेतल्या तिसरीला बालसखी द्यायची आणि कोणत्या शाळेतल्या चौथीला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. त्यामुळे दोन्हीकडची मुलं सुरुवातीला सारखीच होती, आणि नंतर जो फरक दिसला तो बालसखीचाच म्हणता आला. गुण वाढले, आणि कच्च्या मुलांचे जास्त वाढले. त्या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पद्धतीच्या कामासाठी.

दर वेळी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धो धो पाऊस पडला. विहिरी वर आल्या, आणि गावोगाव त्याचं श्रेय ‘जलयुक्त शिवार’ या सरकारच्या पाणी अडवण्या-जिरवण्याच्या अभियानाला दिलं गेलं. पण ते पाणी नाला खोलीकरणाचं की पावसाचं? त्यासाठी शेजारची, तेवढाच पाऊस पडलेली पण काम न झालेली गावं शोधावी लागतात, आधीच्या वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी काढाव्या लागतात. पुढे 2020 मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेच्या, अहवालानं त्या अभियानातून भूजलवाढ फारशी झाली नसल्याचं म्हटलं. राज्यानं त्यावर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च केला होता. असा हिशेब काम चालू असतानाच मांडला गेला, तर पुढच्या गावातला पैसा तरी नीट लागतो. म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि आपल्या भागाला तर त्याची गरज जास्तच आहे. मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दल, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या बाकीबद्दल, आपण इतकं बोलतो, तो आकड्यांत मांडला वि. म. दांडेकर या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं, 1984 च्या अहवालात.

आता अभ्यासाचं. या क्षेत्रात गणिताशिवाय पुढे सरकता येत नाही. नुसतं बी.ए. अर्थशास्त्र करून, गाईड वाचून पास झालेली मुलं इथे अडतात, हे मी वारंवार बघतो. तुमच्या लेकीनं बारावीला गणित ठेवलंय, ही मोठी जमेची बाजू आहे. ते सोडू नका.

पुण्याची गोखले संस्था 1930 पासून अर्थशास्त्राचं काम करते, तिथे बारावीनंतर अर्थशास्त्राची बी.एस्सी. करता येते. पुणे झेपत नसेल, तर लातूर किंवा नांदेडला गणित-संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला अनेक ठिकाणी अशी मुलं आवडीनं घेतात. मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, भारतीय सांख्यिकी संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या पुढच्या पायऱ्या, आणि तिथल्या प्रवेश परीक्षा अवघड असतात. ग्रामविकासाकडे कल निघाला, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र तुळजापुरात आहेच. वसतिगृह आणि निर्वाह भत्त्याच्या योजनांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आत्ताच करून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी दाखल्यांसाठी पळापळ होते.

पगाराचं स्पष्ट सांगतो. सुरुवात संशोधन सहायक म्हणून होते, बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पापुरती, करारावर. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. पहिली चार-पाच वर्षं तिच्या डॉक्टर झालेल्या मैत्रिणींशी तुलना केलीत तर जीव खाली-वर होईल. पुढे संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या, जागतिक बँकेसारख्या संस्था, विद्यापीठं असे रस्ते फुटतात, पण वरच्या जागांना पीएच.डी. लागते. सरकारी नोकरीच हवी असेल, तर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा आहे. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, सर्वसाधारण वयोमर्यादा 21 ते 30, आणि जागा थोड्या. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याचं कार्यालय जिल्ह्यालाही असतं. लेकीला एकदा तिथे घेऊन जा आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मागून बघायला सांगा. आपल्या तालुक्याचे आकडे वाचण्यात तिचं मन रमतं का, ते तिलाच कळेल.

फिरण्याची काळजी वाजवी आहे. पण या कामात मुली लागतातच. बाळंतपणाचं, घरात कोण उपाशी झोपतं याचं, बाई पुरुषाला सांगत नाही. मुलाखतीला शक्यतो जोडीनं जातात, रात्री मुक्काम कुठे हे आधी ठरलेलं असतं. नसेल, तर विचारायचा हक्क तिला आहे, आणि नीट उत्तर न देणारी संस्था सोडून द्यावी. पुढे फिरणं कमी होतं, संगणकावरचं काम वाढतं.

आणखी एक, तुम्हाला कदाचित त्याची किंमत वाटत नसेल. बाहेरून आलेला हुशार माणूस डिसेंबरात धारूर-केजकडे सर्वेला जातो, ऊसतोडीला गेलेल्यांच्या निम्म्या घरांना कुलूप बघतो आणि उरलेल्या म्हाताऱ्यांची उत्तरं म्हणजे गावाची उत्तरं समजतो. ‘सोयाबीन किती झालं’ विचारल्यावर शेतकरी ‘बॅगेला आठ कट्टे’ म्हणतो, तर त्याला बॅग (पेरलेल्या बियाण्याची पिशवी) कळत नाही आणि कट्टाही (पोतं). सातबारा वडिलांच्या नावावर, वाटणी तोंडी, वर दुसऱ्याची दोन एकर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसलेली. ‘तुमची जमीन किती’ या एका प्रश्नाला तीन खरी उत्तरं असतात. रेशनकार्ड जाईल या भीतीनं उत्पन्न कमी सांगितलं जातं. तुमची लेक हे सगळं घरात ऐकत वाढली आहे. या समजेला गणिताची जोड मिळाली, तर मोठ्या शहरातून आलेल्या मुलांपेक्षा तिचं काम उजवं ठरेल.

नीट पुन्हा देण्याबद्दल: तिला डॉक्टर व्हायचंच नसेल, तर रिपीटचं वर्ष आणि क्लासची फी दोन्ही वाया जाईल, असं माझं मत आहे. तिच्या वडिलांना हे पत्र दाखवा. दोघांनी मिळून तिला एकच काम द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं लातूर जिल्ह्याचं पत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातला रक्तक्षयाचा आकडा आणि तुमच्या गावातली परिस्थिती यांत फरक का दिसतो, हे तिनं दोन पानांत मराठीत लिहावं. आठवड्याभरात तिनं स्वतःहून लिहून काढलं, तर तिचा हट्ट पक्का आहे असं समजा. ती पानं मलाही पाठवा. सोबत तिचे बारावीचे गणिताचे गुण कळवा, पत्रात ते लिहायचे राहिलेत. पुणे की लातूर, हे मी त्यावरून सांगेन.