शब्द सापडत नाही, पण आहे

प्रश्न : मुलगी एलएलबीला आहे. तिच्या तोंडी सारखं ‘मूलभूत संरचना’, ‘मूलभूत संरचना’. मी राज्यघटना दोनदा चाळली, शब्द कुठेच नाही. न्यायाधीशांनी तो आणला कुठून? आणि निवडून आलेल्या संसदेला अडवायचा अधिकार त्यांना दिला कोणी? – एक वाचक, वाई

उत्तर : तिसऱ्यांदा चाळू नका, सापडणार नाही. अनुच्छेद ३६८ मध्ये घटनादुरुस्ती कशी करायची ते आहे. कुठवर करायची ते नाही. सगळं भांडण तिथलंच.

१९६४ मध्ये घटनादुरुस्तीला आव्हान देणाऱ्या सज्जनसिंग खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी संसदेच्या बाजूने कौल दिला. त्याच पीठावरचे न्या. मुधोळकर मात्र अडखळले. घटनेचं मूळ वैशिष्ट्यच बदललं, तर ती दुरुस्ती म्हणायची की नवं लेखन? आणि त्यांनी दाखला दिला तो चक्क पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचा! मंत्र्यांच्या सोयीसाठी अयुब खानांनी घटनेत केलेला फेरफार तिथे टिकला नव्हता. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवर हमखास चुळबुळ व्हायची.

मग २४ एप्रिल १९७३, सर्वोच्च न्यायालयातला केशवानंद भारती खटला. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, ७ विरुद्ध ६ असा निसटता निकाल : दुरुस्ती करा, पण मूळ सांगाडा, म्हणजेच ‘मूलभूत संरचना’, मोडू नका. पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड त्या सहांत होते, म्हणजे संसदेला अडवू नका म्हणणाऱ्या तुमच्या बाजूला.

दोनच वर्षांनी, आणीबाणीत, ३९ वी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, अशी. राष्ट्रपतींची सही झाली १० ऑगस्ट १९७५ ला. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीवरच्या खटल्याची सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती ११ ला. ते कलम न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द केलं, आणि रद्द करणाऱ्यांत चंद्रचूडही होते. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात याच तत्त्वावर घटनादुरुस्तीची कलमं रद्द झाली, तो निकाल तर सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच लिहिला.

अधिकार कोणी दिला? न्यायाधीशांनी तो स्वतःच घेतला, हे मी नाकारणार नाही. ‘मूलभूत’ काय याची पक्की यादीही कुठे नाही, ती खटल्यागणिक वाढत जाते. ते मलाही खटकतं. पण १० ऑगस्टची ती सही आठवली की माझा आवाज खाली येतो.

मुलीला आख्खा केशवानंद वाचायला लावू नका, पानं संपत नाहीत. चंद्रचूडांची ७३, ७५ आणि ८० ची मतं तेवढी ओळीने वाचायला सांगा. माणूस नेमका कुठे वळला, ते जेवताना दोघं भांडून ठरवा.