वाचक विचारतात : वाळीत टाकणं आणि बहिष्कार घालणं

प्रश्न : आमचं गाव रायगड जिल्ह्यात, मी लग्न होऊन ठाण्याला असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावाने गावकीने ठरवलेल्या माणसाविरुद्ध फॉर्म भरला, पडला, तर त्यावरून बैठक बसवून त्याला २५ हजार दंड लावला. त्याने दिला नाही म्हणून घर वाळीत टाकलंय. दुकानात सामान नाही, गिरणीवर दळण घेत नाहीत, शिमग्याला पालखी सगळ्यांच्या दारात गेली आणि आमचं घर सोडून पुढे गेली, आईने ते फार लावून घेतलंय. पोलीस म्हणतात गावातलं गावात मिटवा. काय करू? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, ‘मिटवा’ म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, दंड भरा, बैठकीत हात जोडा आणि पुढच्या वेळी फॉर्म भरू नका. त्यामुळे ते सोडून द्या.

पोलिसांनी जे सांगितलं ते चूक आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, २०१६ ला विधिमंडळाने केला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला, असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. वाळीत टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते, ‘बघतो’ म्हणून चालत नाही. आणि वाळीत टाकायला जी बैठक बसणार तिच्यावरच बंदी घालायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, तेव्हा परत बैठक ठरतेय असं कानावर आलं तर ती व्हायच्या आधी कलेक्टर ऑफिसला अर्ज टाका.

आता खरी अडचण. गावातलं कोणी साक्ष देणार नाही, कारण जो तुमच्याशी बोलेल त्यालाही दंड आहे. म्हणून कागद जमवा. भावाला सांगा वही घाल, कुठल्या तारखेला दुकानदार काय म्हणाला, कोणासमोर म्हणाला, सगळं त्याच दिवशी लिहायचं, नंतर आठवून नाही. गावच्या ग्रुपवर बैठकीचा मेसेज फिरला असेल तर स्क्रीनशॉट काढून तुमच्या ठाण्याच्या फोनमध्ये ठेवा. दंड भरलेल्या दुसऱ्या कोणाकडे पावती असेल तर सोन्याहून पिवळं (गावकी बिनधास्त पावत्या देते, आपण बेकायदा काही करतोय असं तिला वाटतच नाही). तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही हलली नाही तर थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, घरातल्या माणसालाही जाता येतं, म्हणजे तुम्ही स्वतः तक्रारदार होऊ शकता. तुम्ही गावात राहत नाही ही इथे जमेची बाजू, तुमचं दळण काही अडत नाही.

खोटी आशा दाखवत नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे आज पकडलेली माणसं उद्या परत पारावर दिसतील, आईला हे आधीच सांगून ठेवा. खटला आरोपपत्र दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत संपवायचा असं कायद्यात लिहिलंय, लिहिलेलं आणि होणारं यातलं अंतर तुम्ही जाणताच. तडजोड करायची झाली तर तुमच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीनेच. जिल्ह्यातल्या अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यकर्त्यांना गाठा, त्यांचं जातपंचायत मूठमाती अभियान २०१३ पासून अशीच प्रकरणं हाताळतंय आणि हा कायदा व्हावा म्हणून तेच मागे लागले होते. आणि कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं असेल आणि वाळीत टाकणारे त्या बाहेरचे असतील तर ॲट्रॉसिटी कायद्यातही सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, तो आणखी कडक.

पालखीचं मात्र कोर्ट काय करणार. कायद्याने अडवणूक थांबेल, मनापासून कोणी नारळ घेऊन दारात येईल असं नाही.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेवर घातलेल्या जागतिक बहिष्काराचं कौतुक केलंत आणि गावकीच्या बहिष्काराला मात्र अत्याचार म्हणता. हा दुटप्पीपणा नाही का? आणि दुसऱ्या देशाच्या घरातल्या भानगडीत आपण का पडायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रश्न आवडला, कारण पद्धत खरंच एकच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बॉयकॉट हे मुळात माणसाचं आडनाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी कुळांना बाहेर काढायला निघाला तेव्हा शेतावर मजूर जाईना, दुकानदार माल देईना, नोकर सोडून गेले. वरच्या ताईंचं पत्र परत वाचा, यादी तीच आहे! शेवटी पीक काढायला ५० मजूर बाहेरून आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस.

फरक आहे तो कोण कोणावर घालतं यात, आणि सुटायचं झालं तर काय सोडावं लागतं यात. बॉयकॉटने कुळांना काढणं थांबवलं असतं तर त्याचं दळण सुरू झालं असतं. या भावाला सुटायला निवडणूक लढवायचा हक्क सोडावा लागतो. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. महाड सत्याग्रहानंतर १९२७ ला काढलेल्या पाक्षिकाचं नावच ‘बहिष्कृत भारत’, आणि गोलमेज परिषदेत त्यांनी आणि दलितांचे दुसरे प्रतिनिधी श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिलं त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी होती, कलमाचा नमुना त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्यावरून घेतला होता. मुंबई राज्याने १९४९ ला बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला तो सुप्रीम कोर्टाने १९६२ ला रद्द केला, मग थेट २०१६. इतकी वर्षं का लागली यावर स्वतंत्र लेख होईल, आज नको.

दक्षिण आफ्रिकेत बहिष्कार घाला असं सांगणारे कोण होते? तिथलेच काळे लोक. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला सांगितलं की आमचा माल घेऊ नका, त्याची झळ आम्हालाही बसणार हे माहीत असून. मला स्वतःला ही कसोटी पुरते, भोगणारा मागतोय की भोगायला लावणारा लादतोय.

आणि घरातली भानगड म्हणाल तर १९४६ ला भारताने तिथल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, विजयालक्ष्मी पंडित बोलायला उभ्या होत्या, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचं उत्तर हेच होतं की हा आमचा अंतर्गत मामला. गावातलं गावात मिटवा, तेच. सभेने ऐकलं नाही, दोन तृतीयांश मतांनी ठराव झाला. पुढे १९७४ ला भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचला, समोर दक्षिण आफ्रिका, आपण खेळलोच नाही आणि कप त्यांना तसाच दिला. अमृतराज बंधू तेव्हा ऐन भरात होते, विचार करा.

पण मला जास्त आवडते ती डब्लिनच्या एका सुपरमार्केटातली कॅशियर, मेरी मॅनिंग. वय २१, १९८४ चा जुलै, युनियनने ठरवल्याप्रमाणे तिने दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूटं बिलात घ्यायला नकार दिला, मालकांनी निलंबित केलं, दहाएक सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास रस्त्यावर उभे राहिले, १९८७ ला आयर्लंड सरकारने तो माल देशात आणण्यावरच बंदी घातली तोवर. म्हणजे बॉयकॉट हा शब्द ज्या देशात जन्मला तिथेच.

रायगडच्या ताई, तक्रारीची पोच मिळाली की तारखेसकट कळवा, पुढचं काय लिहायचं ते पुढच्या अंकात बघू.