खानापूर भागातील जुन्या शेतघराचे वय कौलांवरून ठरवता येते का?
केवळ कौलांवरून ठरवू नये. मंगलोरी कौलांचा (साच्यात घडवलेल्या सपाट कौलांचा) पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला काढला, त्यामुळे अशी कौले असलेले छप्पर त्यानंतरचे आहे, एवढेच सिद्ध होते. खालच्या भिंती पुष्कळ जुन्या असू शकतात, कारण जुनी, अर्धगोल नळीची कौले उतरवून मंगलोरी घालणे सर्रास चाले. म्हणून आधी जांभ्याचे जोते, त्यावरची जाड मातीची भिंत आणि सोप्याचे (पुढच्या पडवीचे) खांब नीट पाहावेत. तुळईवर जुन्या वाशांच्या रिकाम्या खाचा आढळल्या, तर छप्पर बदलल्याचे जवळजवळ निश्चित समजावे. घर राज्य संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करू नये, आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर कृपा करून देऊच नये, कारण ओल आत कोंडून भिंत आतून भुसभुशीत होत जाते.