पाच बोटांचा मिकी आणि नरकात जाणारी गाडी

तुमचा प्रश्न असा: परदेशातली मोठी माणसं जुन्या कार्टून सिनेमांसाठी आणि डिस्नेच्या बंद झालेल्या राइड्ससाठी एवढी हळवी का होतात, आपल्याकडे असं काही असतं का, आणि मुलीला जुनं काही दाखवायचं तर काय दाखवावं?

मी निपाणीचा. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातली डिस्नेची पार्कं, दोन्ही यूट्यूबवरच बघितलीत. पण उरुसातले पाळणे जवळून बघितलेत, आणि मोगली लागायच्या वेळेला आंघोळ टाळणाऱ्या पिढीतला आहे. तेवढ्या जोरावर लिहितो.

सिनेमाची आठवण आणि राइडची आठवण मुळातच वेगळी असते. सिनेमा कुठं जात नाही. डिस्नेचा 'जंगल बुक' घ्या. वॉल्ट डिस्नेने स्वतः लक्ष घातलेला हा शेवटचा ॲनिमेशनपट. तो डिसेंबर 1966 मध्ये वारला आणि सिनेमा 1967 च्या ऑक्टोबरात आला. आज लावला तरी तो तसाच्या तसा दिसतो, बदललेले असतो ते आपण. परत बघितला की लहानपणचं आपलं मत बरोबर होतं की चूक, ते लगेच कळतं. राइडची अशी शहानिशा करता येत नाही. ती एका जागी उभी असते, तिथलं पाणी, अंधार, ग्रीसचा वास या सगळ्यासकट. पाडली की संपली. लहानपणी सात मजली वाटलेला उतार खरोखर केवढा होता हे मोजायला आता कोण जाणार? म्हणून तो मनात वाढतच राहतो.

माझं आवडतं उदाहरण 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड'. डिस्नेच्या 1949 च्या एका सिनेमातल्या उनाड बेडकावर ती बेतलेली. कॅलिफोर्नियात 1955 पासून, फ्लोरिडात 1971 पासून. छोट्या मोटारीत बसायचं, अंधारात वाटेल तसं वळत, सामानसुमान पाडत जायचं. शेवटी समोरून आगगाडी येते, टक्कर होते आणि तुम्ही थेट नरकात! शिंगंवाली बारकी भुतं उड्या मारताहेत, सगळीकडे लालभडक उजेड. मूळ सिनेमात हा नरक नाहीच, तो राइड करणाऱ्यांच्या डोक्यातून आलेला. लहान पोरांच्या राइडचा शेवट असा करायची हिंमत आज कुठली कंपनी करेल असं मला वाटत नाही.

फ्लोरिडातली ही राइड बंद होणार असं कळल्यावर लोक हिरवे टीशर्ट घालून पार्कात निषेधाला जमले. उपयोग झाला नाही. 7 सप्टेंबर 1998 ला ती बंद झाली आणि तिथं 'विनी द पू' या अस्वलाची राइड आली. पण जाता जाता कारागिरांनी एक गंमत करून ठेवली. पूच्या राइडमध्ये एक तसबीर आहे, तीत हा बेडूक पूच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात जागेचे कागद देतोय. आमच्याकडे जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव बदलतं तसंच. शिवाय तिथल्याच 'हाँटेड मॅन्शन' या भुताच्या वाड्यामागच्या प्राण्यांच्या दफनभूमीत या बेडकाचा पुतळा उभा केलाय. कॅलिफोर्नियातला बेडूक मात्र अजून गाडी हाणतोय, नरकासकट.

दुसरं उदाहरण 'स्प्लॅश माउंटन', आणि ते जरा अवघड आहे. 1989 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, पुढे फ्लोरिडात आणि टोकियोतही. ओंडक्यासारख्या होडीत बसून गाणाऱ्या प्राण्यांमधून जायचं आणि शेवटी सोळा मीटर खाली पाण्यात कोसळायचं. त्या प्राण्यांपैकी बरेच त्याच पार्कातल्या 'अमेरिका सिंग्ज' या खेळातून आणलेले होते. तो खेळ 1974 ला सुरू होऊन 1988 ला बंद झाला होता. म्हणजे स्प्लॅशसाठी हळहळणाऱ्यांचे लाडके प्राणी आधीच एका बंद पडलेल्या खेळातून उरलेले! पण राइडची गोष्ट घेतली होती 1946 च्या 'साँग ऑफ द साउथ' मधून. गुलामगिरीनंतरच्या काळातलं मळ्यावरचं आयुष्य त्यात इतकं गोडगोड दाखवलंय की डिस्नेने अमेरिकेत तो व्हिडिओवर कधी काढलाच नाही. 2023 मध्ये दोन्ही अमेरिकन पार्कांत राइड बंद झाली आणि 2024 मध्ये त्याच डोंगरावर, त्याच पाण्यात टियाना या राजकन्येची राइड सुरू झाली. टोकियोत जुनीच चालू राहिली.

यावर तिकडे कडाक्याची भांडणं झाली. मला विचाराल तर बदललं ते ठीकच केलं. पण ज्याने बापाच्या शेजारी बसून त्या उतारावर पहिली किंकाळी फोडली, त्याला 'तुला आठवण येणं हेच चुकीचं' म्हणून दटावण्यातही काही अर्थ नाही. त्याला बाप आठवतोय, सिनेमा त्याने बघितलेलाही नसेल.

आता आपल्याकडचं. उरुसात पाळणा बंद होत नाही, उठतो. आठ-दहा दिवसांनी नटबोल्ट सुटतात, लोखंड ट्रकवर चढतं आणि सगळं पुढच्या जत्रेला जातं. पुढल्या वर्षी त्यातलं एखादं आलं नाही तर कोण कशाला सांगेल? डिस्नेवाल्यांना तारीख मिळते, शेवटच्या फेरीसाठी रांग लावता येते, रडता येतं. आम्हाला कळतं ते असंच कधीतरी, चिरमुऱ्याच्या पुडीत हात घालून फिरताना: अरे, तो हाताने फिरवायचा लाकडी पाळणा हल्ली दिसत नाही!

चार पेट्या, दोन माणसं. एक ढकलायचा, दुसरा वर येणाऱ्या दांडीला लोंबकळून आपल्या वजनाने ती खाली आणायचा. पोरं किंचाळली की तो आणखी जोर लावायचा. पाळण्याच्या पेट्यांवर आणि तिकिटाच्या खोक्यावर कुणा पेंटरने ऑइलपेंटमध्ये कार्टून काढलेली. मिकी माउसला पाच बोटं. डिस्नेच्या मिकीला अंगठा धरून चारच असतात हे मला फार उशिरा कळलं, आणि खरं सांगतो, अजूनही चार बोटांचा मिकी मला अधू वाटतो. त्याच्या शेजारी लाल लंगोटातला मोगली आणि शेरखान. शेरखानला मिशा पैलवानाच्या, वरती पीळ दिलेल्या. आता तिथं फ्लेक्स लागतो. त्यावरचा छोटा भीम अगदी टीव्हीतल्यासारखा असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही.

मोगलीवरून आठवलं. आपण ज्याच्यासाठी जीव टाकायचो तो मोगली डिस्नेचा नव्हताच. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची 52 भागांची मालिका, तिकडे 1989 मध्ये सुरू झालेली. दूरदर्शनवर 1993 मध्ये हिंदीत आली. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आमच्याकडे संध्याकाळी बेंगळुरूचे कन्नड कार्यक्रम लागायचे, आजीला कन्नड बाजारहाटापुरतंच यायचं, ती उठून जायची. रविवारी सकाळी मात्र गल्लीतली मराठी, कन्नड सगळी पोरं आमच्या खोलीत. आजी दारातून म्हणायची, "काय बघाय लागलाय एवढं? वाघच की त्यो."

अलीकडे काही भाग परत बघितले. एकच झाड मागे तीन-तीनदा सरकतं, आणि एका उडीला अर्धा भाग जातो. तरी नानांचा आवाज आला की पाठ ताठ होते. 2016 च्या नव्या 'जंगल बुक' च्या हिंदी आवृत्तीसाठी तेच गाणं नव्याने करून घेतलं आणि शेरखानला पुन्हा नानांनाच बोलावलं. कंपनीला पक्कं ठाऊक होतं, तिकीट पोरं काढत नाहीत, आईबाप काढतात. ही हळहळ विकलीही जाते, हे लक्षात असू द्या.

मुलीसाठी सुरुवात 'एक अनेक और एकता' पासून करा. फिल्म्स डिव्हिजनचा 1974 चा लघुपट, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसैन यांचं. काही मिनिटांत संपतो, त्यामुळे कंटाळा यायच्या आत बघून होतो. मग युगो साको आणि राम मोहन यांचं ॲनिमेशनमधलं 'रामायण', जे 2025 च्या जानेवारीत पुन्हा थिएटरात आलं होतं. त्यानंतर डिस्नेचा 1967 चा 'जंगल बुक'. बघताना मधेमधे 'आमच्या वेळी' सुरू करू नका, पोरं उठून जातात.

राइड्सचे जुने व्हिडिओ तिला दाखवायच्या भानगडीत पडू नका. पडद्यावर अंधारात हलणारी मोटार बघून तिला काही वाटणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. तिला उरुसाला घेऊन या. आकाशपाळण्यात बसवा, पण जेवणाआधी. आणि दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा, गर्दीत रेंज जाते आणि पाळणेवाला स्कॅनरसाठी थांबत नाही.