पट्टेवाला कॅटफिश: आधी मिशा मोजा

तुमच्या टँकमधला मासा नेमका कोणता, असं तुम्ही विचारलंय: दिवसभर लाकडाखाली, काळपट अंग, डोळ्यावरून निघून शेपटीपर्यंत गेलेला पांढरा पट्टा. दुकानदार म्हणतो टायगर (म्हणजे टायगर शॉव्हेलनोज कॅटफिश) आणि शेजारी म्हणतात बंदीतला मांगूर, तोही मिशावाला कॅटफिशच! तुमची पोस्ट वाचून माझंच जुनं दुखणं वर आलं.

मांगूर नाही हो, बहुतेक पट्टेवाला राफाएल कॅटफिश. मिशा मोजा: मांगूरला चार जोड्या, याला तीन. मांगूरचा पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांब असतो आणि अंग गुळगुळीत. याचा पर आखूड, पुढे जाड काटा, आणि कुशीवर आकड्यांसारख्या काट्यांची सरळ रांग. टायगर शॉव्हेलनोजही नाही. त्याचं तोंड फावड्यासारखं चपटं, पट्टे उभे, आणि तो मीटरभराच्या वर जातो.

माझ्याकडच्या अशाच माशाबद्दल हे सगळं मी एका सरकारी टेबलावर सांगून थकलो होतो. सोसायटीत कुणीतरी तक्रार केली, म्हणून खात्री करून घ्यायला गेलो. साहेबांनी मोबाइलवरचा फोटो बघितला न बघितला, 'मिशा आहेत ना, मग मांगूर' म्हणाले आणि तसं लिहूनही दिलं. फेरतपासणीचा अर्ज? 'आवक-जावकला द्या.' तो तिथेच मुरला. त्या एका ओळीपायी मासा दुसऱ्याला द्यावा लागला. म्हणून म्हणतो, नाव पक्कं होईपर्यंत कुणाकडून काही लिहून घेऊ नका.

माझ्या मते तुमचा पट्टेवाला राफाएल, म्हणजे शास्त्रीय नावाने प्लॅटिडोरास आर्माट्युलस. जुन्या पुस्तकांत याच माशाला प्लॅटिडोरास कोस्टाटस म्हटलंय, पण खरा कोस्टाटस सुरिनाम आणि फ्रेंच गयानाकडच्या नद्यांतला. २००८च्या संशोधनात हा घोळ निस्तरला. दुकानदाराशी यावरून वाद घालू नका, फुकट डोकेदुखी. खरी गफलत होते ती ओरिनोकोडोरास या व्हेनेझुएलातल्या, दिसायला सारख्याच कॅटफिशशी. त्याचं तोंड निमुळतं, आणि शेपटीजवळचा मांसल पर लांबट, पुढे कण्यासारखा ओढत गेलेला. तुमच्या फोटोत नेमका तोच भाग लाकडामागे गेलाय. एक फोटो बाजूने, एक वरून टाका, मग बोलू. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही, फक्त टँक बाळगणारा. चूक असेल तर जाणकारांनी कान पकडावा.

आणि फोटोसाठी बाहेर काढताना जाळी अजिबात नको. काटे ताठ करून तो अशी गाठ घालतो की शेवटी जाळीच कापावी लागते. प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्या. करकर आवाज आला तर घाबरू नका, कल्ल्यामागचे काटे खोबणीत घासून तोच करतो.